बिनवजनाची सहा भोकं

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे आणि आता थकलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं माझा सूर चिडका लागला तर तुम्ही मनावर घेणार नाही.

फर्मा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. शेलूबाजारला हायवेला लागून, जीप उभ्या राहतात तिथून थोडं पुढं, ग्यानबांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं ड्रिल मशीनपाशी हातभर लांबीची आणि अर्धा इंच जाडीची एक लोखंडी पट्टी असते. तिला सहा भोकं आहेत. ती पट्टी म्हणजे मी. मला कोऱ्या लोखंडावर ठेवायचं, शिकंजा आवळायचा आणि माझ्या भोकांतून ड्रिल खाली उतरवायचं. माझी सहा भोकं जिथं, तिथंच खालच्या लोखंडालाही सहा भोकं पडतात. शंभर पट्ट्या घ्या, हजार घ्या, अंतर तेच. माझं काम सांगायला एवढंच आहे. करायला बसलं की अंग भरून येतं.

मला ग्यानबांच्या मुलानं, अश्वजितनं घडवलं. आयटीआय झाल्यावर तो तीन वर्षं चाकणच्या एका कारखान्यात होता. तिथं एकाच सांगाड्यावर वेगवेगळे भाग बसवून वेगवेगळा माल तयार करत. गावी परतल्यावर त्याच्या डोक्यात तेच घोळू लागलं. आमच्याकडं शेतकऱ्याच्या घरी वखर वेगळा, डवरा वेगळा, तिफण वेगळी. एकाचं काही मोडलं की अख्खं अवजार गोठ्याच्या कोपऱ्यात जातं. अश्वजित म्हणाला, सांगाडा एकच ठेवू आणि त्याच्याखाली हवं ते जोडू. वखरणी आली की वखराची पास, म्हणजे आडवं पातं, डवरणीला, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायला, डवऱ्याच्या पासा, पेरणीला फण, सऱ्या पाडायला सरीचा फाळ. काही मोडलं तर तेवढाच भाग येऊन घेऊन जा. आणि आज घेतलेला भाग पाच वर्षांपूर्वीच्या सांगाड्यालाही बसला पाहिजे.

त्यासाठी सगळीकडं भोकांचं अंतर एकच हवं, म्हणून मी जन्माला आलो. एका तुटक्या ट्रॉलीच्या पट्टीतून त्यानं मला कापलं. माझी पाच भोकं सरळ रांगेनं आहेत, पण सहावं त्यानं मुद्दाम दोन सूत बाजूला पाडलं. सूत हे आमच्या दुकानातलं माप, इंचाचा आठवा हिस्सा. शेतकऱ्यानं घाईघाईत एखादा भाग उलटा जोडू नये, यासाठी ही युक्ती. भाग उलटा धरला की सहावा बोल्ट जातच नाही. दुकानात त्याला सगळे ‘येडं भोक’ म्हणतात. खरं तर साऱ्या सहांत शहाणं तेच आहे.

पण त्यामुळं मलाही उलटं ठेवून चालत नाही. मग अश्वजितनं माझ्या वरच्या बाजूला निळ्या रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका वर म्हणजे फर्मा सुलटा. ड्रिलवर बसणारा मदनसिंग, पोहरादेवीकडच्या तांड्यातला, मला ठेवताना दर वेळी त्या ठिपक्यावर अंगठा फिरवायचा. नऊ वर्षं तो अंगठा माझ्यावरून फिरला. खरं सांगतो, तेवढ्या एका गोष्टीची मला सवय लागली होती.

अवजाराचं नाव लोकांनीच ठेवलं, सहाभोकी. वाशीमच्या कृषी प्रदर्शनात तिला लोकांनी गराडा घातला. तिचे फोटो निघाले, अश्वजितला शाल मिळाली. मी अर्थातच दुकानातच होतो. त्या दोन दिवसांत कुणीतरी माझ्यावर चहाचा टोप ठेवला होता. एरवीही काम नसेल तेव्हा माझ्यावर कैरीच्या कोया फोडतात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मला पावत्यांवर ठेवतात. मी कधी कुरकुर केली नाही. आता करतोय.

माल खपत होता आणि हातात काही उरत नव्हतं. असं का होतं, ते कुणालाच उमगत नव्हतं. ग्यानबांनी तीस वर्षं खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं केली, आणि ती सगळी किलोवर विकली. माल काट्यावर ठेवायचा, वजनाला भावानं गुणायचं, झाला हिशेब. सहाभोकीही ते तशीच विकत. या वर्षी चाकणच्या त्या जुन्या कारखान्यातून अश्वजितला पुन्हा बोलावणं आलं. त्यानं घरात सांगून टाकलं, की आसेगावच्या बचतगटाचं सहाभोकीच्या साठ संचांचं काम हाती आहे तेवढं उरकतो आणि पेरणीआधी निघतो. दुकान बाबांनी सांभाळावं.  पण ग्यानबांची नजर आता लांबची राहिली आहे, जवळचं नीट दिसत नाही. अश्वजित गेला की सहाभोकी बंद होणार आणि पुन्हा जाळ्या सुरू होणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. मलाही.

अश्वजितची बायको स्नेहा बीकॉम झालेली आहे. नवरा जाणार म्हणून ती रडत बसली नाही. दुपारी दुकानात येऊन ती मोबाइल हातात धरून मदनसिंगशेजारी बसू लागली. मला ठेवायला किती वेळ, शिकंजा आवळायला किती, एक भोक पडायला किती, बोथट झालेल्या ड्रिलला धार लावायला किती, हे सगळं ती वहीत टिपत होती. मदनसिंगला आधी वाटलं आपल्यावर पाळत आहे. दोन दिवस तो तिच्याशी धड बोललाही नाही. मग तिनं त्याला समजावलं, की तुमचा वेळ कुणी धरलाच नाही म्हणून मी धरतेय. तेव्हा तो जरा सैल झाला.

आठवड्यानं तिनं वही सासऱ्यांपुढं ठेवली. एका संचात एक सांगाडा आणि चार जोडभाग, प्रत्येकाला सहा, म्हणजे तीस भोकं. नुसत्या भोकांतच सव्वा तास जातो. वर वीज, ड्रिल, बोल्ट, कापून वाया गेलेलं लोखंड.

"बाबा, यातलं काईच आपल्या भावात नाई," ती म्हणाली. "एवढी भोकं पाडतो आपन, त्यायचे पैसे कुठं हायत?"

ग्यानबांनी वही लांब धरून पाहिली. "भोकाले काई वजन रायते का, बाई?"

ते चेष्टेनं बोलले नव्हते, मित्रांनो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी मात्र मनातून खचलो. माझं सारं आयुष्य त्या भोकांत गेलं आहे. शिवाय गंमत अशी, की तीस भोकं पाडली म्हणजे संचातून पाव किलोच्या वर लोखंड बुकणी होऊन खाली पडतं. म्हणजे आम्ही जितकं जास्त काम करू, तितका माल काट्यावर हलका भरणार आणि तितके पैसे कमी मिळणार. असा धंदा नऊ वर्षं चालला होता. शिवाय ग्यानबांनी आसेगावच्या बेबीताईंना, म्हणजे त्या गटाच्या अध्यक्षांना, किलोवरचा भाव सांगून टाकला होता. शब्द गेला होता, तो फिरवायचा नाही असं त्यांचं म्हणणं. स्नेहानं वही मिटली.

मग एप्रिल आला. चौदा तारखेच्या आधी आमचं दुकान दरवर्षी झाडूनपुसून काढतात. या वर्षी ग्यानबांनी निळ्या रंगाचा मोठा डबाच आणला. फाटक रंगलं, ड्रिलचा स्टँड रंगला, मदनसिंगचं स्टूलही रंगलं. शेवटी डब्यात थोडा रंग उरला. ग्यानबांनी मला उचललं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, तू बी ले बाबा नवे कपडे. मग मला दोन्ही बाजूंनी छान निळं करून उन्हात वाळत ठेवलं. नऊ वर्षांत कुणी माझ्यासाठी पहिल्यांदाच काही केलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा ठिपका त्यात बुडाला, हे माझ्या लक्षात आलं, पण मला तोंड कुठं आहे?

सांगाडे आणि बाकीचे भाग आधीच झाले होते, जयंतीनंतर उरलेल्या डवऱ्यांचं काम सुरू झालं. मदनसिंगनं अंगठा फिरवला, सगळंच निळं दिसलं. माझी उलटी बाजू वर होती. त्यानं डवऱ्याच्या चाळीस जोडभागांना भोकं पाडली, मन लावून पाडली.

मेच्या पहिल्या आठवड्यात बेबीताई गटातल्या दोघींना घेऊन माल पाहायला आल्या. वखराची पास सांगाड्याला चटकन बसली. सरीचा फाळ बसला. डवऱ्याला मात्र पाच बोल्ट गेले आणि सहावा अडला. अश्वजितनं दुसरा भाग घेतला, तिसरा घेतला. येड्या भोकानं आपलं काम चोख केलं होतं. चाळीसच्या चाळीस भाग उलटे होते.  अश्वजित मदनसिंगकडं वळला तेवढ्यात ग्यानबांनी मला उचललं, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"त्याले काई बोलू नोको," ते म्हणाले. "ठिपका म्या पुसला. रंग म्याच देल्ला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बसून माझा रंग खरवडला. चुकलेलं भोक वेल्डिंगनं बुजवायचं, घासून सारखं करायचं आणि मला सुलटं ठेवून योग्य जागी नवं पाडायचं, असं ठरलं. एकेका भागाला अकरा मिनिटं लागली. चाळीस भागांना मदनसिंगचा आणि अश्वजितचा अख्खा दिवस गेला. ग्यानबा खुर्ची टाकून समोर बसले होते. संध्याकाळी त्यांनी त्यातला एक भाग काट्यावर ठेवला, दुसरा ठेवला. वजन जिथल्या तिथं.

 मग स्नेहाला म्हणाले, "लोखंड तं काईच नाई लागलं, अन् दोघायचा दिवस गेला. तुयी वही आन."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जीपनं आसेगावला गेले. तिथं काय झालं ते मदनसिंग स्नेहाला सांगत असताना मला ऐकू आलं, कारण तो ग्यानबांसोबत गेला होता. ग्यानबांनी बेबीताईंना सांगितलं, की दिलेल्या शब्दानं माल देतो, पण आमचा हिशेबच चुकला होता, तेवढं तुम्हाला कळावं म्हणून आलो. बेबीताईंनी वहीतली पानं एकेक करून वाचली. मग म्हणाल्या, "आमच्या गटानं पयल्या साली पापड असेच इकले, भाऊ. उडदाचा भाव धरला, लाटनारीचा हात धराचा राह्यला. भोकाचे देतो तुमाले. चुकीच्या भोकाचे नाई देत."

साठ संच वेळेवर गेले. भोकांचे पैसे आले, चुकलेल्या चाळीस भोकांचे आले नाहीत, आणि ते योग्यच होतं. तरी या खेपेला प्रथमच हातात काही उरलं.  अश्वजितची पत्र्याची पेटी मात्र घराच्या दारात काढून ठेवली आहे, असं मदनसिंग म्हणाला. चाकणहून दोनदा फोन येऊन गेला.  स्नेहा नव्या भावाचं पान तयार करत होती, आणि त्यात शेवटी तिनं एक ओळ लिहिली: फर्म्याची झीज, दर भोकामागं इतके पैसे. मित्रांनो, मी पहिल्यांदा कुठल्या तरी हिशेबात आलो. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

झीज काढायची म्हणून तिनं माझ्या भोकांत बोल्ट घालून पाहिला. तो आत खुळखुळ वाजला. नऊ वर्षांत ड्रिलनं माझी भोकं खाऊन मोठी केली होती, वाकडी केली होती. येडं भोक तर अंड्यासारखं लांबट झालं होतं. आणखी एक हंगाम माझ्यावर विसंबलं तर कुठलाच भाग कुठं बसणार नाही, हे तिला कळलं. मला आधीपासून ठाऊक होतं. 

त्यानंतरच्या सोमवारी अश्वजित बाहेरून आला तेव्हा त्याच्या हातात कोऱ्या पोलादाची पट्टी होती. त्यानं ती टेबलावर ठेवली, शेजारी मला ठेवलं आणि खडूनं रेघा मारू लागला. स्नेहा चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"हे कायले?" तिनं विचारलं.

"हा आता भागला. दुसरा लागन," अश्वजित म्हणाला. "बाबाच्यानं आखनी नाई होत."

स्नेहानं चहा खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. जाणारा माणूस नवा फर्मा करत नाही, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं. तो राहणार होता आणि म्हणून मी जाणार होतो. एकाच वेळी इतकं बरं आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

नवा फर्मा देखणा आहे. त्याच्या भोकांत कडक पोलादाच्या बांगड्या बसवल्या आहेत, झिजल्या की तेवढ्याच बदलता येतात. ही सोय माझ्या वेळी कुणाला सुचली नाही. त्याचा ठिपका रंगाचा नाही, खोदलेला आहे.

पुढं भंगारवाला आला. कापलेले तुकडे, मोडकी जाळी आणि त्यातच मी. त्यानं मला हातकाट्याला अडकवलं, काटा हलला, त्यानं वजन सांगितलं. माझी भोकं पुन्हा एकदा वजा झाली. एवढ्यात ग्यानबा खुर्चीवरून उठले.

"काढ त्याले," ते म्हणाले. "याच्या भोकाचा भाव तुले नाई देता येत."

त्यांनी मला दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. जवळचं दिसत नसल्यामुळं खिळा नेमका येड्या भोकात गेला, म्हणून मी जरा तिरका लटकतो. मित्रांनो, तुमच्या घरीही असं काहीतरी असेल, ज्याच्यावर सगळं बसतं आणि जे कुठल्याच काट्यावर भरत नाही. वस्तू असेल, माणूसही असेल. ते झिजण्याआधी एकदा त्याचा हिशेब मांडा, आणि रंग देण्याआधी त्याच्या ठिपक्याकडं बघा. कधी शेलूबाजारला आलात तर भिंतीकडं नजर टाका. मला सरळ करायला जाऊ नका, मदनसिंग जाता-येता अंगठा फिरवतो, त्याला मी असाच सापडतो.