शनिवारी बाबांना टोस्ट

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक म्हातारा टोस्टर, आणि जन्माचा भित्रा. कारखान्यात मला पहिल्यांदा वीज लावली तेव्हा पोटातल्या तारा लालभडक झाल्या आणि मी थरथर कापलो. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "चालतोय," आणि मी खोक्यात गेलो. माझ्या पोटात पांढरा ब्रेड जातो आणि तपकिरी होऊन बाहेर येतो. कधी कधी काळा. टोस्ट करणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

या घरी मला आजींनी आणलं. आजोबा बस चालवायचे, त्यांना सकाळी घाई असायची. आजी मला उलटा करून चुरा झाडायच्या आणि म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाबा, जरा तापतोस आणि गप्प बसतोस. ह्यांचं तसं नाही!" मग आजी वारल्या. चुरा तसाच साचू लागला.

आजोबा निवृत्त झाले, त्याच आठवड्यातली गोष्ट. त्यांचा मुलगा ओट्याशी उभा राहून फोनवर दबक्या आवाजात म्हणाला, "शनिवारी बाबांना टोस्ट करायचं. जेवणाच्या आधी. त्यांना पत्ता लागू देऊ नका, नाहीतर पळून जातील."

माझी बोबडी वळली. पोटचा मुलगा असं बोलतो? आणि एवढा उंच माणूस घालणार तरी कशात?

सकाळी आजोबांनी ब्रेड घातला. तापायचं नाही, असं मी ठरवलं होतं; पण खटका दाबल्यावर तापणं माझ्या हातात कुठे? ब्रेड करपला, घरभर धूर झाला.

"बाबा, हा भंगारात टाका. मोठा आणतो," मुलगा म्हणाला.

मोठा! आता तर शंकाच उरली नाही.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "हिने आणलाय तो."

ते माझ्यावर हात ठेवून उभे राहिले. मला ओरडावंसं वाटलं, आजोबा, पळा! पण टोस्टरला तोंडं दोन, आणि जीभ एकही नाही.

शनिवारी डेपोतली माणसं आली. अर्धवट उघड्या दारातून मला दिसलं, प्रत्येकाच्या हातात भरलेला पेला. आग विझवायची तयारी! आजोबांना मधोमध उभं केलं.

"चला, बाबांना टोस्ट!" मुलगा म्हणाला.

"म्हणजे काय करायचं रे?" आजोबांच्या बसवरच्या कंडक्टरने विचारलं.

"पेला वर धरायचा, त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी मिळून प्यायचं. इंग्रजीत त्याला टोस्ट करणं म्हणतात."

"हात्तिच्या! मला वाटलं भाजताय की काय म्हाताऱ्याला!"

सगळे खो खो हसले. मग कंडक्टरने पेला उचलला. "धावत येणारं माणूस आरशात दिसलं, की याचा पाय ब्रेकवर. शिव्या मी खायच्या, दुवा याला!"

सगळे प्यायले. आजोबांचा पेला मात्र तसाच राहिला.

"हिला असं टोस्ट कधी केलं नाही रे आपण," ते म्हणाले. "भूक लागली की नुसती हाक मारली."



मित्रांनो, त्या शब्दाची भीती आता गेली. पण आजोबांचा तो आवाज आठवला, की अजून धडकी भरते. तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांच्या आधी उठतं, त्याच्याबद्दल चार शब्द बोला. ते स्वयंपाकघरात आहे तोवर बोला. तिथून हाक ऐकू येते.