रोल संपवण्यापुरती आई

मी दीड वर्षाची असताना आई गेली. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. बाबा आयुष्यभर वर्तमानपत्राचे छायाचित्रकार, आणि घरात आईचा एक फोटो नाही.

"दिव्याखाली अंधार," असं म्हणत वर्तमानपत्राच्या कचेरीत जुन्या निगेटिव्ह सांभाळणाऱ्या बाईंनी कपाट उघडून मला आणि बाबांना त्यांच्या रोलचा डबा काढून दिला.

बाबांची सवय अशी, की रोलमध्ये एखादी चौकट उरली तर घरी यायचं, समोर दिसेल ते टिपायचं आणि रोल धुवायला टाकायचा. समोर बहुतेक आई असायची. म्हणून आम्ही प्रत्येक रोलची फक्त शेवटची चौकट बघत होतो.

रोल ४१. पूल, पूल, मंत्री, पूल. शेवटी दोरीवर भोक पडलेली चादर, चादरीखाली पाय.

"हीच ती. चपला बघ, एक तिची, एक माझी," बाबा म्हणाले.

रोल ५८. मोर्चा. शेवटी ओट्यापाशी बाई, हातात सुरी. चेहऱ्याच्या जागी भोक. गोल, स्वच्छ. निगेटिव्हखालच्या दिव्याच्या काचेचा उजेड त्यातून थेट डोळ्यात येतो.

रोल ५९. भोक.

रोल ६३. भोक. मांडीवर मी. मी अख्खी आहे.

"बाबा, हे काय झालंय?"

त्यांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "मीच केलंय. बिनकामाची चौकट चुकून छापली जाऊ नये म्हणून, तिकिटाला पाडतात तसं, चिमट्यानं भोक पाडायचं. मधोमध. सगळ्यांनाच तसा नियम होता."

"आणि आई?"

"ती मधोमध असायची."

निगेटिव्हवाल्या बाई काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर गेल्या.

रोल ७०. ७७. ८२.

"एखाद्या वेळी तरी हात चुकला असेल ना?"

"माझा हात?" बाबा जरा ताठ झाले. मग ओशाळले.

९०. ९४. डबा संपला. दुसरा डबा नव्हता.

"राहू दे," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा. डोळे कसे होते?"

"मोठे."

"भुवया?"

त्यांनी परत भिंगाला डोळा लावला.

"बरं, नाक?"

"तुझ्यासारखं." मग माझ्याकडे नीट निरखून, "नाही. तुझं माझ्यावर गेलंय."

त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं, परत पुसलं.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "इथं एकदा बघितली की आठवेल."