मुरूम लागेपर्यंत

अक्कलकोट रोडवरच्या त्या भाड्याच्या घरात पलंगावरच्या भिंतीतली भेग दसऱ्याला केसाएवढी होती. मे उजाडला तशी तिच्यात रुद्राणीची करंगळी जायला लागली. भेग पलंगाच्या उशाकडून तिरकी निघून थेट दारापर्यंत गेली होती. केर काढताना रुद्राणी तिच्यात बोट घालून बघायची. सात वर्षांच्या संस्कृतीला ती रात्री आपल्याजवळ खाली झोपवायची. पण दुपारी डोळा चुकवून पोर पंख्याखाली, पलंगावर जायचीच.

बोलायची मात्र चोरी होती. घर भाड्याचं असलं, तरी वीस वर्षांपूर्वी मालकासाठी ते तिच्या सासऱ्यांनी, सिद्धाप्पांनीच बांधलेलं. मैंदर्गीहून थापी-ओळंबा घेऊन आलेला गवंडी. शहराच्या या अंगाला त्यांच्या कामाला नाव होतं. आता शेजारचाच प्लॉट घेतला होता आणि तिथं स्वतःचं घर स्वतःच्या हातानं उभं करायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

"अप्पा, कॉलम टाकून बांधू की," रुद्राणीचा नवरा बसू म्हणायचा.

"कशाला? चार फूट दगडी पाया, वर नऊ इंची भिंत. आख्खी जिंदगी हेच केलंय मी. ह्ये घर पडलंय का?"

बसूनं ओळखीच्या इंजिनिअर आफरीन मॅडमना प्लॉट दाखवायला आणलं. उन्हानं जमिनीला हात जाईल एवढ्या चिरा पडल्या होत्या. मॅडमनी एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. "काका, ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया हिच्यावर ठेवला तर घर दरवर्षी थोडं हलणार. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि तिथनं कॉलम उचलायचे."

"बघू की," सिद्धाप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी चुन्याची फक्की घेऊन आपल्याच पद्धतीची आखणी करायला लागले.

रुद्राणीनं एकदा धीर करून सासऱ्यांना म्हटलं, "मामा, ती भेग लई वाढलीय."

"पिलॅस्टरची हाय ती. घाबरतीस काय?"

पण त्या दिवसापासून कुठं काही वाजलं तरी तिचे हात थांबायचे.

दर पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी एकदा भर दुपारी आलं. संस्कृती आत झोपली होती. दार लोटून रुद्राणी बाहेर नळावर घागर भरत होती, तेवढ्यात पाठीमागं कड्‌ असा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून धुरळा बाहेर आला. घागर टाकून ती धावली. दार हलेना. तिनं खांदा लावला, तरी हलेना.

"संस्कृती! अगं संस्कृती!"

आतून काहीच आवाज नाही.

"मामा! मामाऽ!"

सिद्धाप्पा प्लॉटवरून धावत आले. तेही दाराला धडक देणार, तोच त्यांची नजर वर गेली आणि ते जागच्या जागी थिजले. दारावरची शहाबादी लादी एका बाजूनं सुटून चौकटीवर टेकली होती. वरची भिंत आता त्या लाकडी चौकटीनंच तोलून धरली होती.

"दाराला हात लावू नको," ते हळूच म्हणाले. "दार मोडलं की भिंत आत जाईल."

रुद्राणी वळसा घालून मागच्या खिडकीशी पोचली. आत धुरळ्यात पलंग दिसला. उशीवर तीन विटा पडल्या होत्या.

"आई," कोपऱ्यातून बारीक आवाज आला. संस्कृती माठापाशी उभी होती. तहान लागली म्हणून उठली होती. हातातला तांब्या तसाच, केस मातीनं पांढरे झालेले.

"हलू नको बाळा. तितंच उभी ऱ्हा," मागून पहार घेऊन आलेले सिद्धाप्पा म्हणाले. त्यांनी पहार खिडकीच्या चौकटीत घातली. गज त्यांनीच बसवलेले, निघता निघेनात. प्रत्येक घावाला समोरच्या भिंतीवरून माती झरायची आणि रुद्राणी डोळे मिटायची. शेवटी चौकट एका बाजूनं उखडली. सिद्धाप्पांनी गज वाकवले, आत हात घातले.

"ये. आज्जाकडं बघत ये. वर बघू न्हको."

पोर हातात आली तेव्हा रुद्राणीनं तिला इतकं घट्ट धरलं, की संस्कृतीच रडायला लागली.

संध्याकाळी बसूनं माणसं बोलावून भिंतीला टेकू लावले आणि बिऱ्हाड मावसभावाच्या खोलीत हलवलं. सिद्धाप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बसू, मॅडमला फोन लाव. कॉलमचंच करू."

खड्डे खणायला घेतले. चार फुटांवर काळी माती, सहा फुटांवर काळीच. नऊ फुटांवर पहार खणकन वाजली. शिडीनं खाली उतरून सिद्धाप्पांनी तो पिवळट मुरूम हातानं चाचपला आणि तिथंच बसले. बराच वेळ वर येईनात, तेव्हा रुद्राणी काठाशी वाकली. "मामा, बरं वाटंना का?"

"पाच फूट," ते खालूनच म्हणाले. "आनखी पाच फूट जायचं हुतं गं. समदेच चारावर थांबायचे, मीबी थांबलो. ह्या भागात माज्या हातची चाळीस घरं हायती, रुद्रव्वा. चाळीस घरात पोरं झोपत्यात."

आपल्या पोरीपुरती असलेली भीती एकाएकी चाळीस दारांत जाऊन उभी राहिली, असं रुद्राणीला वाटलं. ती म्हणाली, "मग बघून येऊ. एकेक करून. मॅडमला संगं घेऊ."

"लोक हाणतील मला."

"हाणू द्या. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना घेऊन तिघं पहिल्या घरी गेले. कडेवर तान्हं पोर घेतलेल्या बाईनं दार उघडलं. सिद्धाप्पांना ओळखून ती हसली. "या की काका! तुमीच बांधलंय न्हवं आमचं घर?"

सिद्धाप्पांनी टोपी काढून हातात घेतली. त्या बाईच्या मागं, देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर एक बारीक तिरकी रेघ रुद्राणीला दिसली.

"ताई," रुद्राणी पुढं होऊन म्हणाली, "जरा आत येऊ का? घराबद्दल बोलायचंय."