व्याह्यासमोर दिलेली उत्तरं

"गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का?" हा प्रश्न मला रोज विचारावा लागतो, आणि दरवेळी समोरच्या माणसाआधी उकंडाजी उत्तर देतात. "नाही जी. ठणठणीत." उकंडाजींना जाऊन दीड वर्ष झालं.

मी वैष्णवी, यवतमाळच्या एका कॅन्सर दवाखान्यातली नर्स. म्हाताऱ्या रुग्णाला केमो देण्याआधी मी त्याला काही गोष्टी विचारते. पडलात का, गोळ्या स्वतःच्या हातानं घेता का, घरापासून चौकापर्यंत चालवतं का. उत्तरांना गुण असतात, त्यात वय आणि रक्ताचे रिपोर्ट मिळवले की एक आकडा निघतो. आकडा मोठा आला तर औषध झेपणार नाही अशी भीती जास्त, मग डॉक्टर विचार करून डोस कमी करतात. साधं काम आहे, फक्त माणसानं खरं बोलायला हवं.

उकंडाजी नेरचे, शहात्तर वर्षांचे. लेकीचे सासरे त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आले होते. एवढ्या मानाच्या माणसाला बाहेर बसा कसं म्हणायचं? मी त्यांना खुर्ची दिली, वर चहा सांगितला. व्याह्यासमोर उकंडाजी ताठ बसले आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला हसून उत्तर देत गेले. व्याही कौतुकानं मान डोलवत होते. आकडा लहान आला, पूर्ण डोस लागला. तो झेपला नाही. अकराव्या दिवशी ताप चढला आणि तेराव्या दिवशी उकंडाजी गेले.

कागद न्यायला त्यांची बायको भुरीबाई आली. "दिवाळीपासून तीनदा पडलते ते," ती सहज बोलून गेली. "गोळ्याबी मीच देत होती. पण ताप मले लवकर उमगला नाही जी. माह्याच हातानं गेले." मी कागदांवर शिक्के मारत राहिले. शिक्के संपले तरी मान वर केली नाही.

काल राजूरच्या इंदूबाई आल्या, वय त्र्याहत्तर. सोबत मुलगा राजदीप, सून आणि सुनेची आई. मी तिघांनाही बाहेर काढलं. विहीणबाईंचं तोंड फुगलं. फुगू दे.

दार लावून मी प्रश्न विचारला. उकंडाजी बोललेच. त्यांच्यामागून इंदूबाई म्हणाल्या, "कायले पडीन मी?"

त्यांच्या कोपरावर काळानिळा डाग होता. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी त्यावर पदर ओढला.

"आजी, हे काय मग?"

"पडते म्हटलं त तुमी औषधच देणार नाही. घरी न्या म्हणान. मले जगायचं हाय, बाई."

औषध बंद होत नाही, जपून देतात, हे मी दोनदा समजावलं. त्या मान हलवत राहिल्या. मला राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता. मग जे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही, ते त्यांना सांगितलं. उकंडाजी, व्याह्याची गाडी, मी दिलेली खुर्ची, त्यांच्या बायकोचं बोलणं. "इवाई समोर बसलता, म्हणून ते खोटं बोलले," मी म्हणाले. "अन् मीच त्याले बसवलं होतं."

इंदूबाईंनी पदर बाजूला केला. "चारदा," त्या म्हणाल्या. "दोनदा मोरीत, एकदा आंगणात, एकदा परवा. गोळ्या सून देते."

मी लिहून घेतलं. आकडा मोठा आला. डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं, डोस कमी केला आणि दोनातलं एक औषध वगळलं. सोमवारपासून सुरू करायचं ठरलं. हे सांगितल्यावर इंदूबाईंनी माझा हात धरला.

हात न सोडताच त्यांनी विचारलं, "त्या बाईले सांगतलं का तू हे?"

"कोणत्या?"

"जिचा माणूस गेला तिले."

"नाही."

"मंग ते अजून सोतालेच दोष देऊन राह्यली असन," इंदूबाई म्हणाल्या.

नेरला, भुरीबाईकडे जायला एसटीनं तासभर लागतो. दीड वर्षात मी एकदाही गेले नाही.