लिंडक्विस्टची रेघ

लिंडक्विस्ट वूस्टरला आमच्या कारखान्यात आला तेव्हा मला तिथं एकोणीस वर्षं झाली होती आणि त्याचं वय असेल अठ्ठावीस. बॉस्टनच्या कुठल्याशा सल्लागार कंपनीनं त्याला पाठवलेलं. आम्ही पंख्यांच्या मोटारी बनवायचो, उत्पादनाचं सगळं माझ्याकडे. आमचे मालक हॅडली म्हणाले, याला हवे ते आकडे दे. मी माझ्या सगळ्या वह्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

तीन आठवड्यांनी त्यानं भिंतीवर एक कागद लावला. दोन्ही बाजूंना आकडे दुपटी-दुपटीनं वाढत जाणारा आलेख होता तो. आजवर बनवलेल्या मोटारींची एकूण संख्या दुप्पट झाली, की दर वेळी एका मोटारीचा खर्च पाचव्या हिश्शानं उतरला होता. सगळे ठिपके एका सरळ रेघेवर बसले होते. आत्ताच किंमत उतरवा, असं त्याचं म्हणणं. इतरांच्या आधी दुप्पट माल खपवला की आपला खर्चही आधी उतरेल, मग मागे राहिलेल्यांना आपल्याला गाठता येणार नाही.

हॅडली त्या रेघेकडे बघतच राहिले. माझ्या कुठल्याच कामाकडे त्यांनी तसं बघितलेलं मला आठवत नाही. ते ठिपके माझे होते. एकेका ठिपक्यामागं मी यंत्रं सरकवली होती, सुपरवायझरांशी भांडलो होतो. आता हॅडली त्याला रोज जेवायला बाहेर न्यायचे आणि ‘एव्हरेट’ अशी पहिल्या नावानं हाक मारायचे. मी अजून आडनावानंच, ‘प्रेंटिस’ होतो.

दुप्पट मालासाठी दुसरी पाळी सुरू करायचं ठरलं, चाळीस नव्या बाया घेऊन. बैठकीत लिंडक्विस्टनं मला मुद्दाम विचारलं, “तुम्हाला यात काही खटकतंय का?”

खटकत होतं. मोटारीत तार गुंडाळायच्या, म्हणजे वाइंडिंगच्या टेबलावर आयरीन सोब्झाक तार किती ताणून धरते, कुठं सैल सोडते, हे कुठल्याच वहीत नव्हतं. आमचा निम्मा खर्च तिच्या आणि तिच्या जोडीदारणींच्या बोटांनी उतरवला होता. नव्या बायांना ते शिकवणारं दुसऱ्या पाळीत कुणी नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

दोन महिन्यांत वाया गेलेल्या वाइंडिंगचे ढीग लागले. नवे ठिपके रेघेच्या वर चढले. ते आलेखावर मांडायचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं. दर शुक्रवारी ठिपका देताना मला सणासारखं वाटायचं.

मग एकदा आयरीन माझ्या केबिनमध्ये आली. दुसरी पाळी बंद होणार, असं सगळे बोलत होते.

“वॉल्ट, तुला हे पहिल्यापासून माहीत होतं ना?”

मी समोरची वही मिटली.

“त्या पोराचं नाक कापायला चाळीस बाया घरी पाठवतोयस,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती निघून गेली.

त्याच दुपारी मी लिंडक्विस्टकडे गेलो आणि सगळं सांगितलं, जुन्या बायांनी शेजारी बसून शिकवल्याशिवाय हे जमणार नाही हे, आणि बैठकीत खोटं बोललो तेसुद्धा. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो कोट काढून आयरीनच्या शेजारी जाऊन बसला. स्वतः वाइंडिंग करून बघितलं, तीनदा बिघडवलं. सोमवारपासून आयरीन आणि आणखी पाच जणी दुसऱ्या पाळीत बसल्या, जास्त पगारावर, दर सहा-सात नव्या बायांमागे एक जुनी, टेबलाटेबलाशी फिरत. मार्चपर्यंत ठिपके रेघेवर परत आले.

हॅडलींनी सगळ्यांदेखत लिंडक्विस्टची पाठ थोपटली. तो म्हणाला, “ही कल्पना प्रेंटिस यांची आहे.”

“छान, छान,” हॅडली म्हणाले आणि पुन्हा त्याच्याशीच बोलायला लागले. श्रेय त्यानं ढापलं असतं तर त्याला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. तेवढंही त्यानं माझ्यासाठी ठेवलं नाही.

उन्हाळ्यात तो दुसऱ्या कामावर गेला. त्यानंतर मी तिथं चार वर्षं होतो. रेघ एकदाही चुकली नाही, आणि दर शुक्रवारी ठिपका देताना ती चुकावी असं मला वाटायचं.