राजकन्येच्या गालावर वजरी

मित्रांनो, मी एक जुनी वजरी आहे. भाजक्या मातीची, टाचा घासायची. न्हाणीघरात बादलीमागे बसते, त्यामुळे तुमचं माझ्याकडे लक्ष जात नाही. असो.

कुंभाराने मला थापलं, पोटावर रेघोट्या ओढल्या आणि भट्टीत घातलं. खरखरीतपणा हाच माझा गुण. या घरचे आजोबा पोस्टमन. पायपीट करून टाचांना पडलेल्या भेगांत पेन्सिल मावली असती! महिनाभर मी त्या घासल्या. मग आजोबा येईल-जाईल त्याला टाच दाखवू लागले, "बघा, लोण्यासारखी झाली!" मी फुशारले. तिथंच माशी शिंकली.

त्यांची नात शाळेच्या नाटकात राजकन्या होणार होती. सगळे तिला घाईताई म्हणत. चार दिवस उरले आणि गालांवर मुरमं उठली. कपड्यांच्या साबणाने तिने दिवसातून दहादा तोंड धुतलं. मुरमं काही हटेनात. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"टाच लोण्यासारखी होते, मग गाल का नाही?"

अगं बाई! मी अडवणार कशी? खर्र, खर्र! आरशात लालेलाल गाल बघून तिने भोकाडच पसरलं, "आता मला काढून टाकतील!"

तिची आत्या नर्स. ती धावत आली. "अगं, तोंड आहे का करपलेली कढई? दोन दिवस नुसतं कोमट पाणी. मग सौम्य साबण, तोही सकाळ-रात्र फक्त. आधी हात धू, बोटांनी अलगद चोळ, टॉवेलने टिपून घे. आणि मुरूम फोडशील तर खबरदार!"

मला आत्याने खिडकीतल्या कुंडीत भिरकावलं. खरं सांगते, फार वाईट वाटलं. इतकी वर्षं राबले, आणि हे फळ! पण रोज आतून घाईताईच्या अलगद तोंड धुण्याचा आवाज यायचा आणि जीव निवायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नाटक आटोपून घाईताई नाचतच घरी आली. "आत्या, लाली गेली! नाकावर एक मुरूम होतं, पण पहिल्या रांगेतल्या आजोबांनासुद्धा दिसलं नाही!"

"मला चष्म्याशिवाय तूही दिसली नाहीस," आजोबा म्हणाले. "माझी वजरी कुठंय? टाचा पुन्हा फुटल्या."

घाईताईने मला कुंडीतून काढलं, धुतलं आणि मुकुटासकट खाली बसून आजोबांच्या टाचा घासल्या. मला भरून आलं.

मित्रांनो, चेहऱ्याला मायेनं धुवा. आणि वजरी उचललीत, तर आधी वाकून पाय कुठे आहेत ते बघा.