डुकरांचा श्रावण

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डुकरांना श्रावण पाळायला लावला. हसू नका! मोरिवलीत डुकरं पाळायचा धंदा माझा, आणि अकरा पिल्लं नुकतीच आईच्या दुधावरून तोडलेली. या वयात पोट बिघडलं की पिल्लू हातचं जातं.

म्हणून मी त्यांना मासळीची पूड आणि कत्तलखान्यातल्या रक्ताची सुकवलेली पूड घातलेलं खाद्य देते. श्रावण लागला त्याच दिवशी अण्णांनी चष्मा लावून पोतं वाचलं आणि ओरडले, "श्रावणात माझ्या आवारात रक्त? महिनाभर नुसतं सोयाबीन घाल!"

"अहो अण्णा, डुकरं आहेत ती!"

"मग? मी नाही बोंबील सोडला?"

सोडला होता खरा. पण बोंबलाशिवाय या माणसाला घास उतरत नाही. रोज कॅलेंडरपुढे उभे राहून दिवस मोजायचे. नवऱ्याला म्हटलं, बोल जरा. जितेश म्हणाला, "तुमच्या दोघांत मला पाडू नकोस," आणि गेला कंपनीत.

शेवटी सोयाबीन घातलं, आणि चार दिवसांत पिल्लांना हगवण लागली. सगळ्यात बारकं, ज्याला अण्णांनी स्वतः बाटलीनं दूध पाजलं होतं, ते उठेचना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "आधीचं खाद्य सुरू करा, नाहीतर हे जाईल."

माझं डोकं फिरलं. "अण्णा, पुण्य तुम्हाला आणि मरण त्याला? हा कुठला न्याय?"



दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी शेडमध्ये गेले तर अण्णा उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत हात रक्ताच्या त्या काळपट पुडीनं माखलेले. बारकं त्यांची बोटं चाटत होतं. "खा रे बाबा, खा," म्हणताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. माझा राग कुठल्या कुठे गेला.

तिसऱ्या दिवशी बारकं उठलं आणि भावंडांना ढुसण्या देऊ लागलं. मी विचारलं, "अण्णा, देवाला काय सांगितलंत?"

"सांगितलं, लेकरं आहेत, यांना नाही जमायचं. यांचा श्रावण मी पाळतो. प्रत्येकाचा एकेक महिना."

दारात उभ्या सासूबाईंनी बोटांवर मोजलं. "अकरा पिल्लं, अकरा महिने. अहो, म्हणजे पुढचा श्रावणच आला की!"

हा हिशोब अण्णांनी केलाच नव्हता. त्यांनी एकेका पिल्लाकडे पाहिलं, शेवटी बारक्याकडे.

"येऊ दे," म्हणाले.